न बुजवलेला चर

हस्त लागला की माझ्या डाव्या हाताची बोटं आपोआप मिटतात. क्लच धरल्यासारखी. मी बसमध्ये उभी असते नाहीतर मीटिंगमध्ये बसलेली असते, बाहेर भर उन्हात एकदम अंधारून येतं, सोंडेतून सोडल्यासारखी जाड थेंबांची सर कोसळते, आणि बोटं मिटतात. दहा मिनिटांत पुन्हा ऊन. डांबरावरून वाफा निघतात. मुलुंडच्या सोसायट्यांमध्ये गरब्याचे मंडप ठोकणारे लोक ताडपत्री झटकून परत शिडीवर चढतात. चित्र म्हणून छान असतं सगळं. मला मात्र डांबर संपतं तिथून पुढचं आठवायला लागतं.

शेवटच्या टॉवरची कंपाउंडची भिंत संपली की जंगलाचं फाटक लागतं. रिक्षा इथपर्यंतच. अॅम्ब्युलन्सही इथपर्यंतच. फाटकापासून वर आमच्या करवंदपाड्यापर्यंत दोन किलोमीटर लाल माती, सुटे दगड आणि पावसाने कापलेल्या ओहळी. पाड्यात वीज आहे, मीटर आहेत, मतदानाचं केंद्रही लागतं. रस्ता तेवढा नाही. जमीन ज्यांच्या ताब्यात आहे ते म्हणतात, रस्ते करणं आमचं काम नाही. रस्ते करणं ज्यांचं काम आहे ते म्हणतात, जमीन आमची नाही. हे वाक्य मी इतक्या पत्रकांमध्ये लिहिलंय की आता ते माझ्या हातून न बघता टाइप होतं.

पत्रक लिहायची एक रीत असते. एका पानावर एकच राग. दोन राग लिहिले की वाचणारा गोंधळतो आणि त्या कागदात भजी बांधून नेतो. मी ही रीत कॉलेजात शिकले आणि माझ्या अंगात ती इतकी भिनली की माणसांकडेही मी तशीच बघायला लागले. एक माणूस, एक मागणी. शांतारामकाका माझ्या पत्रकात ‘डायलिसिसचे एक ज्येष्ठ रुग्ण’ होते. प्रत्यक्षात ते काय होते हे मला गेल्या वर्षीच्या हस्तात कळलं, आणि तेही गाडी बंद पडत गेली म्हणून.

काकांचं नाक्यावर गॅरेज होतं. टायरवाल्याच्या शेजारी, पत्र्याची शेड. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालत्या केल्या आणि मग यांच्याच किडन्या बसल्या. मूळ गाव मालवणकडचं. मुंबईत जन्म काढला तरी जिभेवरचं गाव गेलं नाही. पाड्याच्या वरच्या टोकाला त्यांचं विटांचं घर, दारात शेवग्याचं झाड, मागे कोंबड्यांचा खुराडा. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी बाराला खाली डायलिसिसची पाळी. अर्धा तास उशीर झाला की मशीन पुढच्या पेशंटला. त्यात चूक कोणाची नाही. बाहेर बाकावर चार जण बसलेलेच असतात.

त्यांची मुलगी वैशाली घाटकोपरला राहते. ऑफिस, दोन मुलं, सातवा मजला, लिफ्ट. ती बापाला केव्हापासून बोलवत होती. काका जाईनात. शेवटी तिने अट घातली, “एक जरी पाळी चुकली ना बाबा, तर मी तुम्हाला उचलून घेऊन जाणार. मग शेवगा नाही नि कोंबड्या नाहीत.” काकींनी नवऱ्यामागून घाटकोपरला जायचं म्हटलं तरी जमणार नव्हतं. आमच्याकडे घराला कुलूप दिसलं की पुनर्वसनाचे सर्वेवाले ‘बंद’ असा शेरा मारतात आणि तुमचं आयुष्य अपात्र ठरतं. घरात कोणीतरी बसून राहावंच लागतं. म्हणजे काका गेले असते तर पंचेचाळीस वर्षांच्या संसाराचे दोन तुकडे, एक घाटकोपरला, एक पाड्यात.

म्हणून मी म्हटलं, मी नेते. पप्पांची शंभर सीसीची जुनी मोटरसायकल होती, दूधवाल्यांकडे असते तसली. चिखलात चालवायची गाडीच नव्हे ती. पण माझ्याकडे तीच होती आणि जोश होता.

काकी जुन्या लुगड्याच्या पट्टीने काकांना माझ्या कमरेशी बांधायच्या. डाव्या हाताला डायलिसिससाठी शीर जोडलेली, त्या हातावर दाब पडू द्यायचा नाही, म्हणून तो हात ते माझ्या खांद्यावर नुसता टेकवून ठेवायचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, “चेडवा, बोट लाव हय.” मी मनगटाच्या वर बोट ठेवलं. कातडीखाली काहीतरी थरथरत होतं, सारखं, बारीक.

“बघ, इंजिन आयडलिंगवर आसा,” काका म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसले.

त्या वाटेवर गाडी बंद पडणं ही घटना नव्हती, तो प्रवासाचाच भाग होता. ओहळातून जाताना प्लगच्या कॅपमध्ये पाणी शिरलं, गाडी दोनदा ठसकली आणि मेली. मी किक मारत सुटले. दहा, पंधरा, वीस. मागून शांत आवाज आला, “झाला तुझा? आता खाली उतर. गाडी बंद पडली की पयली चूक चालवणारोच करता. घाबरून लाथो मारता.” मग त्यांच्या हुकमाप्रमाणे कॅप ओढून काढली, फुंकली, ओढणीने पुसली, प्लग खोलून उन्हात गरम झालेल्या दगडावर ठेवला. आम्ही दोघं बसलो. आजूबाजूला तेरडा गुलाबी फुललेला, वाटेवर आडवी कोळ्यांची जाळी, त्यात अडकलेले पावसाचे थेंब. काका त्या थेंबांकडे बघत होते. दिवसाला मोजून लोटाभर पाणी प्यायची परवानगी असलेला माणूस पावसात भिजत बसला होता. मला तेव्हा ते दिसलंच नाही. मी घड्याळ बघत होते.

एकदा क्लचची वायर तुटली. मी हात टेकले. “वायर तुटली म्हणजे गाडी तुटली नाय,” म्हणाले. उतार होताच. न्यूट्रलमध्ये गाडी सोडायची, वेग आला की गिअर टाकायचा, मग फाटकापर्यंत थांबायचं नाही. गाडी असा हिसका देऊन सुरू झाली की आम्ही दोघं ओरडलो. एकदा गिअरचा लिव्हर दगडाला लागून आत वाकला. मी धोंडा घेऊन ठोकायला लागले तर म्हणाले, “हळू गो! देवाक नारळ फोडतंस काय?”

शनिवार-रविवारी त्याच वाटेवर वेगळे लोक यायचे. महागड्या उंच गाड्या, गुडघ्यांना कवचं, हेल्मेटवर कॅमेरे. त्यांना चिखल हवा असतो. एकाने मला थांबवून विचारलं, “मॅडम, ऊपर का ट्रॅक कितना टेक्निकल है?” मी म्हटलं, “ट्रॅक नहीं है भाई. लोगों का पत्ता है.” तो हसला. त्याला वाटलं मी जोक केला. त्याच्यावर मी नंतर एक अख्खं पत्रक काढलं, ते फार शेअर झालं. आता वाटतं, तो निदान आपली हौस खरी सांगत तरी होता.

कारण मलाही तो चिखल हवाच होता. हे लिहायला मला वर्ष लागलं.

वाटेच्या मध्यावर, चढाच्या अलीकडे, पावसाने एक चर कापला होता. हातभर खोल, वाटेला आडवा, मध्ये सुळक्यासारखा वर आलेला एक दगड. डाव्या कडेने फूटभर पट्टी शिल्लक होती, तिच्यावरून गाडी काढायची. तेव्हा खाली एक जुनी बिल्डिंग पाडायचं काम चालू होतं आणि टेंपोवाले तिथलं राबिट, म्हणजे विटा-सिमेंटचा चुरा, कुठे टाकू म्हणून हिंडत होते. काकांनी पाड्याच्या बैठकीत साधी गोष्ट सांगितली. “दोन टेंपो राबिट मागून घेऊया. दोन तासांचा काम. चर भरून टाकूया.”

मी उठून उभी राहिले. मी चांगली बोलते, हे सांगायला पाहिजे. बोलले, “अजिबात भरायचा नाही. रस्ता मंजूर करणारे साहेब पाहणीला येणार आहेत. त्यांना हा चर असाच दिसला पाहिजे. आज आपण स्वतः भरला, तर उद्या ते म्हणणार, चाललंय की तुमचं! वर्षानुवर्षं आपण हेच केलं. त्यांनी काम करायचं नाही, आपण हाताने करायचं, मग पेपरात फोटो, वा काय एकी, वा काय जिद्द! आपल्याला कौतुक नकोय, रस्ता पाहिजे.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी मी चराशेजारच्या विजेच्या खांबावर पत्रक चिकटवलं. वर मोठ्या अक्षरात माझी ओळ होती: खड्डा बुजवाल, तर मागणी बुजेल.

काका बैठकीनंतर एवढंच म्हणाले, “गॅरेजात गिऱ्हाईक इला की आधी तेका घराक पाठवचा. चूक कोणाची ता मगे बघूचा.”

“काका, हे गॅरेज नाहीये,” मी म्हटलं.

“नाय कसा? बंद पडलेलाच हा ना सगळा?”

मी तेव्हा त्यांना समजावलं होतं. हक्क आणि जुगाड यांतला फरक, सोप्या भाषेत. त्यांनी ऐकून घेतलं. ज्याच्या पाठीमागे आपण दर मंगळवारी-शुक्रवारी बसतो त्याच्याशी कोण वाद घालणार?

पाहणी पुढे गेली. मग आणखी पुढे गेली. चर तसाच राहिला. आम्ही तो जपला. खरंच, जपला हाच शब्द. एका बाईने घागरी घेऊन जाताना पाय मुरगळायला नको म्हणून दोन धोंडे टाकले होते, ते मी काढायला लावले.

तो शुक्रवार होता. रात्रभर हस्त कोसळला होता आणि सकाळी कडक ऊन. खाली कुठल्यातरी मंडपात माइक तपासत होते, ‘हॅलो, हॅलो, चेक’ वरपर्यंत येत होतं. चराशी आलो तर डावीकडची पट्टी ढासळलेली. वीतभर उरली होती.

“मी उतरतंय,” काका म्हणाले.

लुगड्याची पट्टी सोडायची, त्यांना उतरवायचं, पलीकडे धरून न्यायचं, परत बांधायचं. दहा मिनिटं गेली असती. “बसा हो काका, काढते,” मी म्हटलं.

पुढचं चाक पलीकडे गेलं. मागचं घसरलं. गाडी अख्खी खाली बसली आणि पोटाखालून आवाज आला. ठक्क. फार मोठा नाही. नारळ दगडावर टेकवावा एवढाच. काका माझ्या पाठीवर आदळले, लुगड्याच्या पट्टीने दोघांना धरून ठेवलं, म्हणून पडलो नाही. मी पट्टी सोडली, त्यांना कडेला बसवलं, गाडी ओढून बाहेर काढली. तिच्याखाली लाल मातीवर काळं तेल पसरत होतं. ऊन लागून त्यावर मोरपिशी रंग चमकत होते. जळका वास.

काका बसल्या बसल्या सरकत आले. बोट बुडवून वास घेतला.

“चेंबर फुटलो. सगळा ऑइल गेला.”

“आता काय करायचं?”

“चालू करू नको. इंजिन जाम होतला.” मग बोट मातीला पुसून, “साबण आसा?”

साबण नव्हता. असता तरी उपयोग नव्हता, हे त्यांनीच पुढे सांगितलं. टाकी गळली तर साबण चालतो, चेंबरला नाही. बाराला पस्तीस मिनिटं होती. पुढे चढ, तो पार केला की मग फाटकापर्यंत उतारच उतार. चढावर गाडी ढकलून नेली की पुढे इंजिन बंद ठेवून सोडता आली असती. त्यांनी हिशोब मांडला, गॅरेजात मांडत असतील तसा, कुठेही आवाज न चढवता. मी फोनला रेंज शोधत वर-खाली पळत होते. पाड्यातले पुरुष कामावर गेलेले. काकी खुराड्याशी असणार, फोन घरात.

परत आले तर काका खांबाला टेकून बसले होते आणि माझं पत्रक वाचत होते. तोंडाने, एकेक अक्षर लावत. “ख-ड्डा बुज-वाल, तर मा-गणी...” धाप लागत होती म्हणून शब्द तुटत होते. पूर्ण वाचलं. माझ्याकडे बघितलं.

“अक्षर बरा आसा,” म्हणाले.

त्यात टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांना खरंच काहीतरी बरं बोलायचं होतं. मी रडत होते ना.

त्यांना सीटवर बसवून मी गाडी चढावर ढकलायला लागले. पाच पावलं, थांब. मागच्या चाकाला दगड लाव. पाच पावलं. मध्येच ते उतरले, माझं ऐकेनात, दहा पावलं चालले आणि वाटेत मांडी घालून बसले. ओठ निळसर. “माका काय होना नाय,” म्हणत राहिले. माझ्या खांद्यावरून त्यांचा हात सुटत होता आणि मी त्या थरथरणाऱ्या शिरेला धक्का लागू नये म्हणून तो कोपरापासून धरत होते. माथ्यावरून गाडी सोडली तेव्हा इंजिनाचा आवाज नव्हता. नुसता चाकांखालचा दगडांचा आणि माझ्या मानेवर त्यांच्या श्वासाचा. ती शांतता मला अजून ऐकू येते. बंद गाडी उतारावर किती वेगाने जाते, आणि आपण काहीच केलेलं नसतं.

सेंटरला पोहोचलो तेव्हा त्यांच्या मशीनला दुसरा माणूस लागलेला होता. सिस्टर हळहळली. “आजोबा, उद्या सकाळी या.” पण रात्रीतच छातीत पाणी झालं. मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागलं. नऊ दिवस. वैशाली ऑफिसच्या कपड्यांत धावत आली, सगळं केलं, माझ्यावर एकदाही ओरडली नाही. डिस्चार्जच्या दिवशी बापाची पिशवी खांद्याला लावून लिफ्टपाशी म्हणाली, “रस्ता झाला की सांग मला. त्या दिवशी आणून सोडते बाबांना. त्याआधी नाही.” काका चाकाच्या खुर्चीत होते. मला म्हणाले, “चेंबर बदलून घे. वेल्डिंग करू नको, टिकाचा नाय.”

आणि चर? गाडी फुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाड्याने तो भरला. मला कोणी विचारलं नाही. मी गेले तेव्हा काकी घमेलं डोक्यावर घेऊन राबिट टाकत होत्या, नवरा हॉस्पिटलात असताना. खरंच दोन तासांचं काम होतं. मी फोन खिशात ठेवला आणि फावडं घेतलं. आमच्या संघटनेतल्या निलेशदादाचा फोन आला. “अगं, भरू नका म्हणावं, पाहणीची तारीख मिळतेय!” मी फोन ठेवून दिला. शूरपणा नव्हता तो. उशीर झाला होता, एवढंच.

पाहणी झाली. दिवाळीच्या जरा आधी. साहेब स्वतःच्या मोटरसायकलवर आले, आम्ही भरलेल्या चरावरून अलगद वर गेले, काकींच्या दारात चहा प्यायले, शेवग्याचं कौतुक केलं, खाली उतरले. मी त्यांना जुने फोटो दाखवत होते. “ताई, आज काय आहे ते मी लिहिणार,” ते म्हणाले. आवाजात दुष्टपणा नव्हता. राग धरायला माणूस हवा असतो आणि दर वेळी समोर येतो तो चहा पिणारा, घरी लवकर जायचं असलेला कोणीतरी.

पाहणीचं पत्र यायला वर्ष लागलं. या आठवड्यात आलं. पुन्हा हस्त, पुन्हा माइक चेक, पुन्हा तेरडा. नवा चेंबर बसवलेली गाडी घेऊन मी वर गेले. वाटेत चर होता तिथे राबिटवर आता गवत आलंय, माहीत नसेल तर ओळखू येणार नाही. काकी दारात तांदूळ निवडत होत्या. वर्षभर त्या एकट्या घर पात्र ठेवून बसल्यात. दर रविवारी घाटकोपरला जातात, अंडी घेऊन, आणि दिवेलागणीच्या आत परततात.

“वाच,” म्हणाल्या.

मी वाचलं. सदर मार्ग पाहणीवेळी वापरयोग्य स्थितीत आढळून आला, सबब नवीन रस्त्याची आवश्यकता दिसून येत नाही.

“म्हणजे काय ता?”

“म्हणजे आपण चर भरला होता ना काकी. त्यांना वाट चांगली दिसली. म्हणून आता रस्ता देणार नाहीत.”

म्हणजे मी बैठकीत बोलले होते ते खरं ठरलं होतं. शब्दशः. मला त्यात कसलाही आनंद झाला नाही, पण काहीच झालं नाही असंही नाही. एक बारीक काटा आत सरकलाच, बघा, मी म्हटलं नव्हतं का. त्याची मला शिसारी आली.

काकींनी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. खाली वाटेकडे बघितलं. पाड्यातली एक दिवस भरलेली बाई परवाच त्या वाटेने खाली गेली होती, शेजाऱ्याच्या बाईकवर, व्यवस्थित, हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. वैशालीची अटही आम्हा दोघींना पाठ होती.

“मगे,” काकी म्हणाल्या, “परत खणूया काय गो?”

त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना नवरा घरी हवा होता आणि त्या मला, यातलं कळणाऱ्या मुलीला, विचारत होत्या.

मी ‘नाही’ म्हटलं. पण ते लगेच म्हटलं नाही. मी आधी विचार केला.